पांढरा नर

सशाला गोंडस म्हणणाऱ्या माणसाने सशाच्या मुताचा वास कधी घेतलेला नसतो. मी तो दीड वर्ष घेतला. डोक्याला तेल लावलं तरी तो वास वेणीतून जात नसे. ससा चावतो. उचलताना जरा चुकलं की मागच्या पायांनी मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडतो, आणि नखांत लेंड्यांचा मळ असल्यामुळे ते ओरबाडलेलं पिकतं. भ्यालेली मादी स्वतःचीच पिल्लं खाऊन टाकते. मागच्या महिन्यात नातीने वाढदिवसाला ससा मागितला तेव्हा मी सरळ नाही म्हणाले. मुलगा म्हणाला, "आई, लेकरू आहे, कशाला एवढं तोडून बोलतेस?" मी त्याला कारण सांगितलं नाही. तोंडाने सांगायला घेतलं की दरवेळी मी मधला भाग गाळते, हे मला आता पाठ झालंय. म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव गंगाखेडहून राणीसावरगावकडे जाताना आडबाजूला होतं. घरची थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. आप्पा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर माळावर मेंढरांना हाका मारत आले होते, ते घरातही त्याच आवाजात बोलत. माय त्यांच्यावर आवाज चढवायची, आणि तिचं बोलणं आप्पांना लागलं की ती परातीत भाकरी इतक्या जोराने थापायची की शेजारची म्हातारी विचारायची, "आज काय झालं गं?" सकाळी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि चहात मेंढीचं दूध किती घालायचं यावरून भांडण, संध्याकाळी कुत्र्यांना कुणी काही घातलं की नाही यावरून भांडण. मी घरातली शेवटची मुलगी. दोघी बहिणी पंधराव्या-सोळाव्या वर्षी उजवून टाकलेल्या. मी दहावी पास झाले, हे आमच्या घरात आक्रितच होतं, आणि आप्पांना त्याचा अभिमान वाटायचा की राग यायचा हे मला कधी कळलं नाही.

ससे आले ते त्या दहावीमुळे. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सशांची योजना आणली होती. प्रत्येक गावात दोन घरं निवडायची, घरात एक तरी दहावी पास आणि बिनलग्नाचं माणूस पाहिजे, त्याच्या नावावर पिंजरे आणि जनावरं फुकट. आप्पांनी माझं नाव दिलं. डॉक्टरांसमोर ओट्यावर बसून ते म्हणाले, "ससे हायेत तवर हिच्या सोयरिकीचं नाव काढनार न्हाई. पिंजरे गेले की मग बघू." माझ्या जन्मात त्यांनी मला दिलेलं हे एकमेव वचन. मी मनाशी ठरवलं, हे पिंजरे काही झालं तरी जाऊ द्यायचे नाहीत.

दुसरं घर बौद्धवाड्यातलं निघालं, रंजनाचं. रंजना आणि मी पहिलीपासून एका वर्गात होतो आणि आमचं कधी पटलं नाही. गणितात ती नेहमी माझ्या पुढे, आणि ते ती लपवतही नसे. पाचवीत मी तिला पाटीच्या भांडणात ढकललं होतं, सहावीत तिने माझ्या दप्तरात काटेरी गोखरू भरून ठेवले होते. गंगाखेडला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं तेव्हा एसटीत आम्ही दोघीच आमच्या गावच्या, तरी ती पुढच्या दाराशी बसायची आणि मी मागे. डॉक्टरांनी मात्र पहिल्याच दिवशी आम्हाला एका बाकावर बसवलं. तिने पदर सावरून मध्ये वीतभर जागा सोडली. मी दोन विती सोडल्या.

तिथे ससे पहिल्यांदा नीट पाहिले. तोवर ससा म्हणजे माळावर तुरीच्या ओळींतून उठून पळणारा, कुत्र्यांनी धरून आणला तर रस्सा करायचा, एवढंच माहीत. डॉक्टरांनी टेबलावर एकेक जनावर ठेवलं. न्यूझीलंड पांढरा: अंग दुधासारखं, डोळे लाल, कान ताठ, कंबर भरलेली, मांसाला चांगला. त्याच्याच शेजारी व्हाइट जायंट, तोही पांढरा, तोही लाल डोळ्यांचा. फरक कोण सांगेल, असं त्यांनी विचारलं. रंजना उठली, दोन्हींच्या कानांना बोटांनी माप लावलं आणि म्हणाली, "ह्याचं अंग लांब हाय, कानबी लांब." बरोबर होतं. मग सोव्हिएत चिंचिला आला, लांबून नुसता राखाडी वाटणारा. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर फुंकर मारली, केस फाकले आणि आत रंगांची कडी दिसली: मुळाशी गडद निळसर करडा, मध्ये मोत्यासारखा पांढरट, टोकाला काळा. ग्रे जायंट मात्र थेट आपल्या रानसशासारखा, तपकिरी-करडा, फक्त तिप्पट मोठा, माद्यांच्या गळ्याखाली कातड्याची जाड घडी. शेवटी एका पंखा लावलेल्या खोलीत अंगोरा दाखवला. लोकरीचा गोळा. आप्पा मला न्यायला आले होते, त्यांनी ती लोकर चिमटीत धरून बघितली आणि डॉक्टरांना म्हणाले, "हेच द्या आमाला." डॉक्टर हसले. "परभणीच्या उन्हात हा दुपारपर्यंत टिकायचा नाही, आप्पा." अख्ख्या प्रशिक्षणात आप्पांच्या मनात भरलेलं तेवढंच एक जनावर होतं आणि तेच मिळालं नाही, त्यामुळे बाकीच्यांवर त्यांनी पहिल्या दिवसापासून डूख धरला.

दोन गोष्टी डॉक्टर रोज घोकून घेत. ससा कधी भिजवायचा नाही. आणि मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीच्या पिंजऱ्यात सोडायचा नाही, कारण मादी आपल्या जागेत परक्याला फाडून काढते. सगळे नर एका घरात ठेवले आणि रोग आला तर सगळंच बसतं, म्हणून त्यांनी नर वाटून दिले. आमच्याकडे चिंचिलाची जोडी, ग्रे जायंटची जोडी आणि दोन पांढऱ्या न्यूझीलंड माद्या. गावातला एकुलता एक पांढरा नर रंजनाकडे, सोबत तिच्या दोन पांढऱ्या माद्या. म्हणजे आमच्या पांढऱ्या माद्यांना पिल्लं हवी असतील तर त्या उचलून बौद्धवाड्यात नेणं आलं. पहिल्या वेळी स्वतः डॉक्टरांनीच मादी नेली, परत आणून पिंजऱ्यात ठेवली. महिन्याने सात पिल्लं झाली, सगळी पांढरी. मायने मादीवर गोमूत्राचे चार थेंब शिंपडले आणि विषय संपला.

मग नामांतराचा वाद पुन्हा पेटला. आमच्या गावात कुणी विद्यापीठ बघितलेलं नव्हतं, पण त्याच्या नावावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. शाळेच्या भिंतीवर रात्रीतून काहीतरी लिहिलं जायचं, सकाळी दुसरं कुणीतरी शेणाने सारवायचं. त्या साली बौद्धवाड्यातल्या बायकांना कापूस वेचायला कुणी बोलावलं नाही. गिरणीवाला त्यांचं दळण सगळ्यांत शेवटी घ्यायला लागला. आप्पांचं तर कुणी काही घेतलेलं नव्हतं, दिलेलंही नव्हतं. तरी ते पारावर बसून सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलायचे. मी तेव्हा आप्पांना भीत होते. आज लिहिताना भीती नाही, नुसता संताप येतो, आणि तो त्यांच्यापेक्षा माझा मला जास्त येतो.

कार्तिकात आमची एक पांढरी मादी माजावर आली. मी पाटीत गवत घालून तिला ठेवलं, वर फडकं बांधलं आणि निघाले. आप्पा दारात उभे होते.

"कुटं चाललीस?"

"रंजनाकडं. नर तिच्याकडं हाय."

"ठिव खाली. आपलं जनावर तिकडं जानार न्हाई."

"मग पिल्लं कशी व्हायची?"

"एवढी मेंढरं कशी व्हायलीत आपल्याकडं? कधी मेंढी घेऊन दुसऱ्याच्या दारात गेलो व्हय मी? एडका आपल्या कळपात असतो. हा घरचा येवढा मोठा नर काय नुसता खायला ठिवलाय?"

घरचा मोठा नर म्हणजे ग्रे जायंट. मी सांगून बघितलं की दोन वेगळ्या जाती मिसळायच्या नाहीत, डॉक्टर रागावतील. आप्पांनी माझ्या हातातून पाटी घेतली, मादीचे कान धरून तिला उचललं आणि करड्या नराच्या पिंजऱ्यात टाकलं. "नर त्यो नर," म्हणाले. मेंढरांत काळा एडका आणि पांढरी मेंढी यांचं कुणाला काही वाटत नाही, कोकरू ठणठणीत निघालं म्हणजे झालं. आप्पांना खरोखरच वाटत होतं की निम्मी तरी पिल्लं आईवर जातील आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

मार्गशीर्षात मादीने स्वतःच्या पोटाचे केस उपटून पिल्लांसाठी ठेवलेल्या साबणाच्या खोक्यात घातले आणि आठ पिल्लं दिली. नुसती गुलाबी, डोळे मिटलेली. दोन दिवस मी सुखात होते. चौथ्या दिवशी कातडीवर काळसर छाया दिसायला लागली. पांढऱ्या सशाच्या पिल्लाची कातडी गुलाबीच राहते, हे मला माहीत होतं. मी एकेक पिल्लू उचलून उजेडात धरलं. आठच्या आठ काळसर. आठवड्याने केस आले आणि त्या पांढऱ्याशुभ्र आईच्या पोटाशी आठ रानससे चिकटलेले दिसले. आप्पा आले, बघितलं, थुंकले आणि मेंढरं घेऊन निघून गेले.

डॉक्टर तपासणीला येणार त्या सकाळी आप्पांनी मला चुलीपाशी गाठलं. पिंजऱ्याला लावलेल्या पुठ्ठ्यावर कोणत्या नराकडे मादी नेली ते लिहायचं असे, ती जागा मी कोरी ठेवली होती. "त्या पोरीच्या नराचं लिही," ते म्हणाले. "खरं सांगितलंस तर डॉक्टर पिंजरे उचलून नेईल. पिंजरे गेले की चैतात तू बोहल्यावर. आता तुझं तू बघ." माय भाकरी थापत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. मी पेन्सिल घेतली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं.

डॉक्टरांसाठी मटण केलं होतं. वाटणाचा खमंग वास अंगणभर होता, आणि त्याच वासात हा सगळा प्रकार घडला. ओट्यावर गावातली चार वजनदार माणसं बसली होती. डॉक्टरांनी पिंजऱ्यात डोकावून बघितलं, पुठ्ठा वाचला, कपाळ पुसलं आणि रंजनाला बोलावणं पाठवलं. ती आली आणि अंगणाच्या कडेला, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणापाशी उभी राहिली. तिला कुणी आत ये म्हणालं नाही.

"तुझ्या नरात भेसळ हाय," आप्पांनी डॉक्टरांच्या आधीच तोंड उघडलं. "बघ काय पिल्लं झाली आमची."

रंजनाने लांबूनच पिल्लं बघितली. मग ती आप्पांशी बोललीच नाही, डॉक्टरांशी बोलली. "साहेब, तुमीच शिकवलंत. लाल डोळ्याच्या पांढरीला लाल डोळ्याचा पांढरा लावला की पांढरंच व्हतंय. माझ्या दोन माद्यांची चौदा पिल्लं हायेत त्याच नराची. चला, दाखवते. एक जरी करडं निघालं तर नर आत्ताच घेऊन जावा."

"आमी काय खोटं बोलायलोत?" ओट्यावरचा एकजण उठला.

"मी कुठं म्हनले? मादी माझ्याकडं आलीच न्हाई, एवढंच म्हनते. सिंधूला इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना सगळं कळलं होतं. करडा नर त्यांच्या डोळ्यांसमोर, चार हातांवर गवत चघळत बसला होता. त्यांनी मला विचारलं ते उत्तर कळावं म्हणून नव्हे, उत्तर माझ्या तोंडून आलं की त्यांना मोकळं होता येणार होतं म्हणून.

"सिंधू, मादी कुणाकडे नेली होती?"

मी आप्पांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर आज म्हणता आलं असतं की त्यांच्या डोळ्यांना भ्याले. मी रंजनाकडे बघितलं. ती हनुवटी वर करून उभी होती, गणिताचं उत्तर सांगून बाकावर बसताना असायची तशी, आणि त्या हनुवटीचा मला पहिलीपासून राग होता. मी म्हणाले, "तिच्याकडंच. मी सोता नेली."

डॉक्टर म्हणाले, खालच्या वस्तीत मोकाट जनावरं फिरतात, नराचा काही भरवसा नाही, यापुढे पांढरा नर आप्पांच्या देखरेखीत राहील. रंजनाने आपल्या माद्या इथे आणाव्यात, योजना सगळ्यांची आहे. भेसळ असलेला नर आमच्याकडे कशाला ठेवायचा, हे कुणी विचारलं नाही. ते जेवले, मटणाची तारीफ केली आणि उजेड होता तोवर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजना नर घेऊन आली. पौषातली थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती. तिने पाटी कुंपणाशी ठेवली, फडकं नीट खोचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हरभऱ्याचा भुसा घालू नको, त्याला संडास लागते." मग गेली. मी पाटी उचलून पिंजऱ्याकडे निघाले.

"तसाच आत न्यायचा न्हाई," आप्पा म्हणाले. मायने तांब्यात गोमूत्र आणून चार थेंब शिंपडले. आप्पांचं समाधान झालं नाही. "येवढ्या केसांत शिंतोड्यानं काय व्हतंय? मेंढी धुतो तसा धू."

"ससा भिजवायचा नसतो. डॉक्टरांनी—"

"पिढ्यानपिढ्या मेंढरं धुवून कातरायलोत आमी. एक मेलं न्हाई. खामखा शहानपना नको."

मेंढरं भर उन्हात, ओढ्याच्या पाण्यात धुतात आणि ती दिवसभर माळावर वाळतात. हे आप्पांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. हौदातलं पाणी रात्रभर उघड्यावर होतं. मायने तांब्यातलं उरलेलं गोमूत्र त्याच्या पाठीवर ओतलं आणि मी त्याला मानेवर व पोटाखाली हात देऊन हौदात बुडवलं. ससा ओरडतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आयुष्यात एखाद्याच वेळी ओरडतो, लहान मूल किंचाळतं तसा. त्याने माझा हात फाडला. मी सोडला नाही. आप्पा म्हणाले, "पोटबी," आणि मी पोटही धुतलं. मग पोत्याने पुसून पिंजऱ्यात ठेवलं, पण त्या दाट केसांच्या आतलं पाणी पोत्याने निघत नाही. तो कोपऱ्यात गोळा होऊन थरथरत राहिला. दुपारी थरथर थांबली. मला वाटलं, बरा झाला.

आप्पा मेंढरं घेऊन गेले होते. माय त्या मेलेल्या जनावराला हात लावायला तयार नव्हती. उकिरड्यात पुरायचं माझ्याच वाट्याला आलं, आणि मला ते होईना. मी त्याला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून ठेवलं आणि पुन्हा त्या बाजूला फिरकले नाही. डॉक्टरांनी पुढे दोन महिन्यांनी पिंजरे नेलेच, आणि चैत्रात मी बोहल्यावरही चढले. म्हणजे मी खोटं बोलून जे राखलं ते एक हिवाळाभरही राहिलं नाही. पण त्याचं मला तेवढं वाटत नाही. वाटतं ते पुढचं.

नर मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर रंजना पुन्हा आली. हातात पाटी, पाटीत तिची मादी. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. घरी मी एकटीच होते. ती कुंपणाशी थांबली.

"नर कुठाय?"

मी डालग्याकडे बोट केलं. ती थांबली नाही, कुणाला विचारलं नाही, पहिल्यांदाच आमच्या अंगणात आली. डालगं उचललं. तिथेच मांडी घालून बसली आणि त्याला उचलून मांडीवर घेतलं. तो लाकडासारखा ताठ झाला होता. तिने बोटांनी पाठीवरचे केस फाकले. वरचे वाळले होते, आतले अजून ओले होते. तिने बोटं नाकाशी नेली. तिच्या पाटीतली मादी फडक्याखाली धडपडत होती.

"धुतलात व्हय ह्याला?"

मी मान हलवली. का धुतलं ते तिने विचारलं नाही. माझ्या हातावरच्या ओरखड्यांकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे. बराच वेळ ती त्याचे ओले केस बोटांनी सरळ करत बसली, जसं काही ते वाळवायचं काम अजून बाकी होतं. मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, आणि आम्ही दोघी त्यातून सुटलो असतो.

"पानी तरी कोमट केलतं का?" तिने विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "हौदातलंच व्हतं."

त्या तीन दिवसांत मी तिच्यासमोर खरं बोलले ते एवढंच.